वजन भरते, मग घास का उतरत नाही? ‘फीडिंग मॅटर्स’च्या सहा प्रश्नांच्या प्रश्नावलीविषयी

एकात्मिक बालविकास सेवा योजनेत आधी अंगणवाडी सेविका आणि पुढे मुख्यसेविका म्हणून मी ३१ वर्षे नोकरी केली. या काळात किती मुलांना सॉल्टर काट्याच्या झोळीत बसवले आणि किती दंडांना पट्टी गुंडाळली, याची मोजदाद माझ्याकडे नाही. मात्र त्या सर्व वर्षांत एकाही आईला ‘बाळाला एक वेळचे जेवण भरवायला किती मिनिटे लागतात?’ असे विचारल्याचे मला आठवत नाही. काटा वजन सांगत असे, दंडघेराची पट्टी हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवत असे, आणि दोन्ही ठीक असले की आम्ही पुढच्या मुलाकडे वळत असू. मिनिटांचा तो प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तो मुलीच्या मोबाइलवर उघडलेल्या एका प्रश्नावलीतून, आणि तोही माझ्या स्वतःच्या नातीबद्दल. त्या प्रश्नावलीचा आमच्या घरातला आठ महिन्यांचा अनुभव मी येथे मांडत आहे. लहान मूल नीट खात नाही म्हणून मनातल्या मनात कुढणाऱ्या आया आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि त्यांच्यापर्यंत हे पोहोचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आमच्या नातीचा जन्म ३३व्या आठवड्यात झाला. वजन १७०० ग्रॅम होते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ बाळाला साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो, त्यामुळे सुरुवातीचे १६ दिवस तिला नाकातून घातलेल्या नळीने दूध दिले गेले. घरी आल्यावर ती बाटलीने दूध पिऊ लागली आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. सातव्या महिन्यात उष्टावण केले, चांदीच्या वाटीतली खीर तिने चाटली, छायाचित्रे काढली गेली. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. मिक्सरमधून काढून गाळलेले वरण ती घेत असे, नाचणीचे सत्त्व घेत असे, पण गुरगुट्या भातातले एखादे शीत जरी त्यात राहिले, तरी ते जिभेला लागताक्षणी तिचे डोळे पाण्याने भरत, मान मागे जाई, उमासा येई आणि आधी गेलेले सगळे बाहेर पडे. चौदाव्या महिन्यातही हेच चालू होते. माझी मुलगी पीठ चाळायच्या चाळणीतून वरण गाळत उभी असलेली मी पाहिली आहे. गाळून झाल्यावर ती चमचा उजेडात धरून त्यात एखादे शीत राहिले नाही ना हे तपासत असे.

नातीचे वजन मात्र वृद्धिपत्रकाच्या हिरव्या पट्ट्यात होते, कारण दिवसाला जवळजवळ एक लिटर दूध बाटलीने पोटात जात होते. ज्या डॉक्टरांना आम्ही दाखवत होतो त्यांनी तीन वेळा तेच वजन पाहिले आणि तीन वेळा तेच सांगितले की मूल वाढते आहे, काळजीचे कारण नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की तिचा बापही असाच होता, भूक लागली की आपोआप खाईल. कोणी मीठ-मोहरी ओवाळून टाकायला सांगितले. मी स्वतः मुलीला ‘तू फार लाड करतेस’ असे म्हटले होते. ते वाक्य आज मला परत घेता आले असते तर मी घेतले असते.

‘फीडिंग मॅटर्स’ ही अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फीनिक्स येथे असलेली ना-नफा तत्त्वावरची संस्था आहे. २००६ साली सुरू झालेली ही संस्था लहान मुलांच्या खाण्या-गिळण्याच्या विकारांवर काम करते. तिच्या संकेतस्थळावर ‘इन्फंट अँड चाइल्ड फीडिंग क्वेश्चनेअर’ नावाची प्रश्नावली विनामूल्य भरता येते. मुलाच्या वयानुसार प्रश्न बदलणारी एक सविस्तर प्रश्नावली आहे, आणि तिच्यातूनच वेचून काढलेली सहा प्रश्नांची छोटी चाचणी आहे. बालआहाराच्या तज्ज्ञांनी ती तयार केली असून विकार असलेली आणि नसलेली मुले या प्रश्नांच्या उत्तरांतून वेगळी ओळखता येतात का, याचा अभ्यास २०२० साली बालरोगशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. आम्ही आधी सहा प्रश्न सोडवले, मग सविस्तर प्रश्नावली भरली. वय भरताना नातीचे दुरुस्त वय धरले, म्हणजे ती जितके आठवडे लवकर जन्मली तितके वयातून वजा केले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईने हे विसरू नये, नाहीतर जे मागे पडणे केवळ तारखेमुळे आहे तेही दोष म्हणून दिसेल.

प्रश्नांकडे वळण्यापूर्वी ही चाचणी नेमके काय शोधते ते सांगणे आवश्यक आहे. २०१९ साली तज्ज्ञांच्या एका गटाने ‘पीडियाट्रिक फीडिंग डिसऑर्डर’ या विकाराची एकमताने व्याख्या ठरवली. मराठीत आपण त्याला बाल-आहारग्रहण विकार म्हणू. मुलाचे तोंडावाटे खाणे-पिणे वयाला साजेसे नसणे आणि त्याच्या जोडीला चारांपैकी निदान एका अंगात बिघाड असणे, असे तिचे स्वरूप आहे. ही चार अंगे म्हणजे शारीरिक आजार, पोषण, खाण्याचे कौशल्य, आणि मूल व भरवणारी व्यक्ती यांचे मानसिक व कौटुंबिक नाते. ही स्थिती किमान दोन आठवडे रोज असली पाहिजे, आणि ती तीन महिने वा त्याहून अधिक टिकली तर तिला दीर्घकालीन म्हणतात. ऑक्टोबर २०२१ पासून अमेरिकेच्या रोगवर्गीकरणात तिला स्वतंत्र सांकेतिक क्रमांकही मिळाले आहेत. ही व्याख्या वाचताना मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती तिच्यातली एक अट. मुलाचे कमी खाणे हे अन्नाच्या अभावामुळे नसावे, आणि ते त्या समाजाच्या रीतीचा भाग नसावे. जिने आयुष्यभर कुपोषणाची नोंदवही भरली, तिला या अटीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. चारपैकी पोषण हे एकच अंग आम्ही मोजत होतो. उरलेल्या तीन अंगांसाठी आमच्या नोंदवहीत रकानाच नव्हता.

आता प्रश्न. पहिला प्रश्न असा की बाळ भूक लागल्याचे कळवते का. आम्ही क्षणाचाही विचार न करता ‘होय’ म्हटले, कारण दुधाची बाटली दिसली की नात हात पसरून रडत असे. हे उत्तर चुकीचे होते, आणि ते आमच्या लक्षात यायला दोन महिने गेले. ती दुधाची भूक कळवत होती, जेवणाची नाही. जेवणाची भूक तिला लागायला आम्ही वेळच देत नव्हतो, कारण घड्याळात अकरा वाजले की वरण आणि साडेअकराला, वरण गेले नाही म्हणून, दूध. आपल्याकडे भूक लागण्याआधी भरवणे यालाच काळजी घेणे समजतात. म्हणून माझी सूचना अशी की मराठी घरात हा प्रश्न विचारताना ‘दूध सोडून, जेवणाची भूक’ असा खुलासा करून विचारावा. बाळाचे पोट भरले की ते कळवते का, हा जोडीचा प्रश्न मात्र सोपा आहे. तोंड फिरवणे, ओठ मिटणे, चमचा ढकलणे हे प्रत्येक आई ओळखते. ओळखूनही आपण आणखी दोन घास कोंबतो, ही गोष्ट वेगळी.

मूल पुरेसे खाते असे तुम्हाला वाटते का, हा दुसरा प्रश्न. येथे माझी मुलगी थांबली. वजन तर बरोबर आहे, मग ‘नाही’ कसे म्हणायचे? पण प्रश्नात वजनाचा उल्लेखच नाही. ‘तुम्हाला काय वाटते’ असे विचारले आहे. कोणी तरी तिला हे विचारले, याचाच तिला आधार वाटला. तिने ‘नाही’ निवडले.

सर्वांत मोलाचा प्रश्न मिनिटांचा आहे. बाळाला भरवायला साधारण किती मिनिटे लागतात, पाचपेक्षा कमी, पाच ते तीस, की तीसपेक्षा जास्त? पहिला आणि शेवटचा, दोन्ही पर्याय धोक्याच्या बाजूचे मानले आहेत. लहान मुलाचे जेवण वीस ते तीस मिनिटांत आटोपले पाहिजे. त्यानंतर मूलही थकते आणि भरवणारेही, आणि पोटात जाते त्यापेक्षा खर्चच जास्त होतो. आम्ही अंदाजाने ‘तीस मिनिटे असतील’ असे म्हणत होतो. मग मुलीने सुचवले की घड्याळ लावून मोजू. त्या दुपारी वाटी घेऊन बसल्यापासून वाटी धुवायला नेईपर्यंत ४७ मिनिटे झाली. दुसऱ्या दिवशी ५२. रात्री ४४. दिवसातून चार वेळा हे होत होते, म्हणजे माझ्या मुलीच्या जागेपणाचे तीन तासांहून अधिक केवळ एका वाटीभोवती जात होते, आणि त्याची आम्हा कोणालाच कल्पना नव्हती, कारण ते तास तुकड्यातुकड्यांनी जात होते. या चाचणीने आम्हाला दुसरे काहीही दिले नसते, तरी घड्याळ लावायला लावले एवढ्यावर मी तिची शिफारस केली असती.

एक त्रुटी मात्र नोंदवते. मिनिटे कोठून मोजायची, पहिल्या घासापासून की मुलाला पकडून बसवण्यापासून, हे प्रश्नात स्पष्ट होत नाही. जिथे मूल उंच खुर्चीत बसून जेवते तिथे हा फरक नगण्य असेल. आपल्याकडे वाटी घेऊन मुलामागे अंगणभर फिरण्याची रीत आहे, आणि त्या फिरण्यातच अर्धा वेळ जातो.

बाळाने खावे म्हणून तुम्हाला नेहमी काही खास करावे लागते का, हा चौथा प्रश्न मराठी घरासाठी सर्वांत अवघड आहे, आणि येथे प्रश्नावली आपल्या रीतीशी नीट जुळत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. चिऊचा घास, काऊचा घास, हा घास बाबांचा, हा मामाचा, खिडकीतून दाखवलेला कावळा, कडेवर घेऊन अंगणात घातलेली फेरी, हे आमच्या दृष्टीने खास नव्हेच. ते भरवणे आहे. माझ्या आईने मला असेच भरवले, मी मुलीला असेच भरवले. असे असताना ‘होय’ म्हणावे तर महाराष्ट्रातील निम्म्या मुलांना विकार ठरेल, आणि ‘नाही’ म्हणावे तर जे मूल मोबाइलवरचे गाणे बंद होताच तोंड उघडायचे थांबते तेही सुटून जाईल. आम्ही यातून एक वाट काढली. सलग तीन जेवणे कोणतीही करमणूक न करता, एका जागी बसवून भरवून पाहायची. कमी खाल्ले तरी चालेल, पण मूल खाते का हे पाहायचे. जे मूल चिऊ-काऊशिवायही चार घास घेते त्याच्यासाठी ते लाडाचे आहे. आमची नात मोबाइल नसताना तीन जेवणांत मिळून दोन चमचे वरण खाल्ली. मग आम्ही ‘होय’ निवडले. ही तीन जेवणांची परीक्षा माझी स्वतःची आहे, प्रश्नावलीतली नाही, आणि ज्या मुलाचे वजन आधीच कमी आहे किंवा ज्याला मोठा आजार आहे त्याच्यावर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

शेवटचा प्रश्न सरळ विचारतो की बाळाच्या खाण्याबद्दल तुम्हाला काळजी वाटते का. आमच्या शासकीय नमुन्यांत आईच्या काळजीला कधीच गुण नव्हते. ‘आई सांगते’ ही नोंद आम्ही पुराव्यात धरत नव्हतो. येथे आईची काळजी हे चाचणीचे एक अंग आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण त्या मुलाला दिवसातून चार वेळा, तोंडाच्या एका वितीवरून पाहणारी व्यक्ती तीच असते. मुलीने ‘होय’वर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

दोन किंवा अधिक उत्तरे धोक्याच्या बाजूची आली तर डॉक्टरांशी बोलावे, असा या चाचणीचा निकष आहे. आमची चार आली. ही चाचणी म्हणजे निदान नव्हे, हे वापरणाऱ्याने पक्के ध्यानात ठेवावे. चाळणीने दाणे वेगळे होतात, कोणता दाणा किडका आहे हे त्यानंतर हातात घेऊन पाहावे लागते.

तुलनेसाठी आम्ही कॅनडातील ‘माँट्रियल चिल्ड्रेन्स हॉस्पिटल फीडिंग स्केल’ ही दुसरी चाचणीही पाहिली. २०११ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी सहा महिन्यांपासून सुमारे सात वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. तिच्यात १४ प्रश्न असून प्रत्येकाला एक ते सात अशी श्रेणी द्यायची असते. ती थोडी अधिक वेळ घेते, पण काही बाबतींत आपल्या घरांना ती अधिक जवळची वाटते. मूल घास गालात धरून बसते का, विशिष्ट पदार्थाने उमासे येतात का, खाण्यासाठी मुलामागे फिरावे लागते का, जबरदस्ती करावी लागते का, असे प्रश्न त्यात सरळ आहेत. हो किंवा नाही यांऐवजी श्रेणी असल्याने चिऊ-काऊची अडचणही बरीच सुटते, कारण ‘कधीतरी’ आणि ‘नेहमीच’ यांच्यामध्ये आईला जागा मिळते. मुलाच्या खाण्याचा घरातील माणसांच्या परस्परसंबंधांवर काय परिणाम होतो, हाही एक प्रश्न त्यात आहे. तो वाचून मी आणि मुलगी एकमेकींकडे न पाहता गप्प बसलो होतो. माझा निर्णय असा की पहिली चाळणी म्हणून सहा प्रश्न, आणि त्यात शंका आली तर तज्ज्ञांकडे जाताना माँट्रियलची चाचणी, असा क्रम ठेवावा. ज्या आईला रात्री दहानंतर पाच मिनिटे मिळतात, तिच्या हाती आधी सहाच प्रश्न द्यावेत.

या सहा प्रश्नांत जे विचारलेले नाही तेही सांगणे माझे कर्तव्य आहे. खाताना-पिताना वारंवार ठसका लागणे, दूध प्यायल्यावर आवाज ओलसर, घोगरा होणे, ओठ निळसर पडणे, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणे, वजन घटणे, यांपैकी काही असेल तर कोणतीही प्रश्नावली भरत बसू नये, थेट बालरोगतज्ज्ञांकडे जावे. अन्न वा दूध श्वासनलिकेत उतरत असण्याची ही लक्षणे आहेत, आणि काही मुलांना तर ठसकाही लागत नाही, ते गुपचूप उतरत राहते. ते पाहण्यासाठी गिळण्याची क्ष-किरण तपासणी करावी लागते. सेरेब्रल पाल्सी, टाळू दुभंगलेली असणे, डाउन सिंड्रोम, जन्मजात हृदयरोग असलेल्या मुलांच्या बाबतीत तर खाण्याची चौकशी पहिल्या भेटीपासूनच व्हायला हवी.

सविस्तर प्रश्नावलीची उत्तरे छापून घेऊन आम्ही दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. याआधी मुलगी दवाखान्यात ‘ती खातच नाही हो’ एवढेच सांगत असे, आणि त्यावर समोरून ‘खाईल’ हे उत्तर येत असे. या वेळी तिच्या हातात कागद होता. ४७, ५२, ४४ मिनिटे, फक्त गाळलेले अन्न, शीत लागताच उमासा, दिवसाला एक लिटर दूध. डॉक्टरांनी तो कागद पूर्ण वाचला, लोहाची कमतरता तपासायला रक्त घेतले, कारण इतके दूध पिणाऱ्या मुलात ती अनेकदा आढळते, आणि आम्हाला गिळण्या-चावण्याच्या उपचारांचे प्रशिक्षण घेतलेल्या वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवले. हिमोग्लोबिन कमीच निघाले. हिरव्या पट्ट्यातल्या मुलीचे.

त्या उपचारतज्ज्ञ बाईंनी पहिल्या भेटीत नातीला काहीही भरवले नाही. शिजवलेल्या गाजराची बोटभर कांडी त्यांनी तिच्या गालाच्या आत, दाढांच्या जागी, हिरडीवर अलगद टेकवली आणि आम्हाला जिभेकडे पाहायला सांगितले. जीभ फक्त पुढे-मागे होत होती, दूध ओढताना होते तशी. बाजूला वळत नव्हती. घास चावायचा तर जिभेने तो कडेला, दाढांखाली न्यावा लागतो. आमच्या नातीची जीभ हे शिकलीच नव्हती, आणि ते शिकण्याची तिची वेळ आम्ही गाळलेल्या वरणात घालवली होती. मऊ गाठी असलेले अन्न बाळाला नऊ-दहा महिन्यांच्या आत मिळाले नाही तर पुढे खाण्याच्या अडचणी वाढतात, हे मला नोकरीत असताना माहीत असायला हवे होते. आम्ही ‘सहा महिन्यांनंतर वरचे अन्न’ हे घोषवाक्य भिंतीवर रंगवले, पण त्या अन्नाचा पोत दर महिन्याला बदलला पाहिजे, हे पुरेशा जोराने सांगितले नाही.

उपचार साधे होते, पण चिकाटी मागणारे. खुर्चीत पाय लोंबकळू नयेत म्हणून पायाखाली देवघरातला पाट आला. जेवणाला २५ मिनिटांची मर्यादा आली आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत गेला. दूध टप्प्याटप्प्याने अर्ध्यावर आणले. वरण रोज चमचाभर कमी गाळायचे, मग गाळायचेच नाही, मग रवीने घोटायचे, मग नुसते हाताने कुस्करायचे. ताटात हात घालू द्यायचा, सांडू द्यायचे, ओरडायचे नाही. तिसऱ्या महिन्यात तिने वरणात भिजलेला पोळीचा तुकडा स्वतःच्या हाताने तोंडात नेला आणि तो खाली पडला नाही. आज आठ महिन्यांनी ती मऊ भात शितांसह खाते. भाकरी अजून जमत नाही. उमासा आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी येतो.

आम्हाला हे मिळाले कारण मुलीला इंग्रजी येते, जवळ शहर आहे आणि पैसे भरता आले. ज्या मुलांसाठी मी आयुष्य घालवले त्यांच्या आयांकडे यांपैकी काहीच नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्यात फिरत्या पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करायची, आणि गरज असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी रचना आहे. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब यांवर त्याचा भर आहे. खाण्याची ही सहा प्रश्नांची चौकशी त्या रचनेत बसवायला नवे यंत्र नको, नवी इमारत नको. अडचण पुढची आहे. चाळणीत जे मूल अडकेल त्याला पाठवायचे कोठे? गिळण्याच्या उपचारांचे प्रशिक्षण असलेली माणसे तालुक्याच्या ठिकाणी सहज सापडत नाहीत. आशा स्वयंसेविका तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात बाळाच्या घरी जाते. निदान त्या भेटींत पोताचा आणि मिनिटांचा प्रश्न विचारला गेला, तर बरीच मुले तज्ज्ञांपर्यंत जायची वेळ येण्याआधीच सावरतील, असे मला वाटते.

गेल्या महिन्यात मी हे सहा प्रश्न माझ्या अक्षरात मराठीत लिहून जवळच्या अंगणवाडीत गेले. वजनाचा दिवस होता. सेविकेच्या आणि मातांच्या संमतीने पाच जणींना मी ते विचारले. एकीचा मुलगा हिरव्या पट्ट्यात होता आणि चार मिनिटांत जेवण संपवत होता, कारण तो दुधात बुडवलेल्या बिस्किटांशिवाय काही खात नव्हता. ‘पाचपेक्षा कमी’ हा पर्याय धोक्याचा का मानला आहे, ते मला तिथे समजले. दुसरीच्या मुलाचे वजन पिवळ्या पट्ट्यात होते. मूल पुरेसे खाते का, असे विचारल्यावर ती म्हणाली, “घरात असतं तेव्हा खातो.” त्या उत्तरावर या प्रश्नावलीत लाल खूण पडते, पण त्या मुलाला उपचारतज्ज्ञांची गरज नाही, धान्याची आहे. हा फरक कागदावरची खूण करू शकत नाही, विचारणाऱ्या माणसाने करावा लागतो. म्हणूनच ही चाचणी आईच्या हाती नुसती सोपवण्यापेक्षा, ते घर ओळखणाऱ्या बाईने समोर बसून विचारावी, या मताची मी झाले आहे.

निघताना सेविकेने तो कागद मागून घेतला आणि मातांच्या नोंदवहीत आतून चिकटवला. मग तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवून तिने विचारले, “ताई, ही मिनिटं पहिल्या घासापासून मोजायची, की वाटी घेऊन मागे पळायला लागतो तिथपासून?”

“पळायला लागतेस तिथपासून,” मी म्हटले, आणि तिने ते पेनाने कंसात लिहून घेतले.